उपासाला चालतं

आमच्या लेकराच्या गालावर पहिला लाल चट्टा उठला आणि त्या दिवसापासून वसमतमधली झाडून सगळी माणसं डॉक्टर झाली. भाजीवाली डॉक्टर, शेजारीण डॉक्टर, माझ्या ऑफिसातले मोठे बाबू डॉक्टर. ज्यांना स्वतःच्या टाचेच्या भेगांवर अजून औषध सापडलेलं नाही अशा बाया माझ्या लेकराचा गाल चिमटीत धरून सांगायच्या, "गरमी हाय ही. दुसरं काई न्हाई." गरमी हा शब्द ऐकला की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. आईच्या दुधातली गरमी, पोटातली गरमी, मी दिवसभर ऑफिसात ज्या खुर्चीवर बसते त्या खुर्चीची गरमी. म्हणजे फिरून फिरून माझीच.

लेकरू तेव्हा वर्षाचं होत आलं होतं. चट्टा गालावरून मानेच्या वळीत उतरला, तिथून कोपराच्या आत, मग गुडघ्यांच्या मागे. कातडी आधी कोरडी पडायची, मग खरखरीत व्हायची, मग हा ती खाजवून खाजवून ओली करायचा. खाजवताना तो रडायचा नाही. ओठ दाबून, कपाळाला आठ्या घालून, नेमून दिलेलं काम करावं तसा खाजवायचा. हातांत मोजे घातले तर ते दातांनी ओढून काढायचा आणि परत कामाला लागायचा. ते बघून मला माझी कातडी सोलून त्याला द्यावी वाटायचं.

आमच्या गावाचा जीव हळदीत. सीझनला बाजाराच्या रस्त्यानं नुसतं गेलं तरी चपला पिवळ्या होतात, धुळीलासुद्धा हळदीचा वास. तेव्हा पहिला इलाज अर्थातच हळद. तेलात हळद, सायीत हळद, डाळीच्या पिठात हळद. मी संध्याकाळी घरी यायची तेव्हा लेकरू नवरदेवासारखं पिवळंधमक होऊन दारात बसलेलं असायचं आणि आग होते म्हणून दोन्ही पाय फरशीला घासत असायचं. मी धुवून काढायची, सासूबाई दुसऱ्या दिवशी परत लावायच्या. काही बोललं की ठरलेलं उत्तर. "आमची लेकरं काय अशीच मोठी झाली व्हय?" ह्या वाक्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही, कारण जी लेकरं मोठी झाली नाहीत ती सांगायला येत नाहीत.

सासूबाईंच्या वर आमच्याकडं अजून एक कचेरी आहे. आत्याबाई. ह्या माझ्या वारलेल्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, जवळा बाजार ह्या गावी राहतात, आणि भाऊ गेल्यापासून त्याच्या घराचा कारभार आपल्याकडं आला असं त्यांनी स्वतःच ठरवलंय. बाजाराच्या दिवशी तिथं कुणी एक माणूस पोत्यावर पाला मांडून बसतो. त्याच्याकडचा पाला घेऊन आत्याबाई एसटीनं आल्या, तो वाटला आणि माझ्या लेकराच्या गुडघ्यामागं थापला. लेकरू असं किंचाळलं की समोरच्या घरातले लोक दारात आले. आत्याबाई खूश. म्हणाल्या, "बघ, रोग भाएर येऊन राहिला." रोग नव्हता, कातडी येत होती बाहेर. पाला आणणाऱ्याला नाव ठेवायचं नाही, लेपाला नाव ठेवायचं नाही, नाव कुणाला ठेवायचं तर नोकरी करणाऱ्या सुनेला.

शेवटी एक दिवस मी ह्यांना घेऊन नांदेडला त्वचेच्या डॉक्टरकडं गेले. 'ह्यांना घेऊन' असं म्हणते, कारण माझा नवरा स्वतःहून कुठं जात नाही, त्याला न्यावं लागतं. गाडीत मागं सासूबाईही बसल्या, कारण मी एकटी तिथं काय सांगेन न काय नाही याचा भरवसा नव्हता. डॉक्टरनं लेकराचं अंग नीट बघितलं. म्हणाला, एक्झिमा आहे. कातडीच मुळात कोरडी. साबण बंद, हळद आणि डाळीचं पीठ एकदम बंद, आंघोळ कोमट पाण्यानं, आणि अंग ओलं असतानाच ही क्रीम लावा. मग म्हणाला, काही लेकरांचं खाण्यानंही वाढतं, रोज काय काय खातो हा?

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी पाढा म्हणून दाखवला. "वरन-भात, दूध-पोळी, केळं. कदी मुगाची खिचडी. दुसरं काई न्हाई बा."

डॉक्टर म्हणाला, आधी थोडे दिवस दूध थांबवून बघा. एका वेळी एकच गोष्ट बंद करायची. आणि काय खाल्ल्यावर वाढतं त्याच्याकडं लक्ष ठेवा.

एका वेळी एकच. इतकं साधं वाक्य. पण आमच्या घरात एवढ्या साध्या वाक्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. दूध बंद झालं ते झालं, त्याच आठवड्यात आत्याबाईंनी फोनवरून केळं बंद केलं, थंड म्हणून. गूळ बंद केला, गरम म्हणून. तूर डाळ वातूळ. गव्हानं खाज सुटते, असं कुणाच्या तरी मोबाइलवर आलेलं. ती क्रीमसुद्धा त्याच मोबाइलवर आलेल्या ज्ञानानं खिडकीत पडून राहिली, 'असल्या क्रीमनं कातडी जळती' म्हणून. मी लावली तर दिवसा कुणीतरी पुसून काढायचं. होता होता लेकराच्या ताटात भात आणि मुगाचं पाणी एवढंच उरलं. बरगड्या दिसायला लागल्या. माझे हे म्हणायचे, "मोठी माणसं सांगून राहिली तर काई विचारानंच सांगत असतील ना." विचार. त्यांच्या घराण्यात तो विचार कधी कुणी केला असेल तर मला भेटवा.

आणि मग सोमवार आले.

सासूबाई लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून सोमवार करतात. गल्लीत त्यांचा मान आहे तो त्या सोमवारचा. आमच्याकडं उपास म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. उपास म्हणजे शेंगदाणा. भगरीवर शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्यात शेंगदाण्याचा कूट, रताळ्यावर कूट, काकडीवर कूट, आणि मधे भूक लागली तर गूळ-शेंगदाण्याचा लाडू. वर गल्लीतल्या बाया उपाशी बाईला खाऊ घातल्यावर पुण्य लागतं म्हणून झाकलेल्या ताटल्या पाठवणार. माणूस रोजच्यापेक्षा दुप्पट खातं आणि दिवेलागणीला चेहरा पाडून सांगतं, आज काही खाल्लं नाही, उपास होता. हे ढोंग नाही, हेच तर वाईट. त्यांना खरंच तसं वाटतं.

सासूबाईंनी लेकराची कातडी बरी व्हावी म्हणून त्याच्या नावानं सोमवार धरले. आत्याबाईंनी त्यावर कळस चढवला. लेकराच्या नावानं धरलेला सोमवार तर लेकराच्या तोंडालाही सोमवारचंच लागलं पाहिजे. शिवाय उपासाचं हलकं असतं, त्यानं काही होत नाही. झालं. मी ऑफिसात, आणि इकडं माझं भुकेलं लेकरू भगर-आमटी खाऊन राहिलंय, लाडू चोखून राहिलंय. संध्याकाळी मी विचारायची, "आई, आज काय खाल्लं ह्यानं?" त्या म्हणायच्या, "काई न्हाई, सोमवार हाय ना आज." आणि मी निमूट कुकर लावायची. मीही ह्याच मातीतली. उपासाचं खाणं हे खाण्यात धरायचं असतं हे मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

मंगळवारी लेकराचं अंग पेटायचं. दर मंगळवारी. गाल लालबुंद, ओठांच्या भोवती बारीक पुरळ, खाजवून मान रक्ताळलेली. हे आमच्या घरात सगळ्यांच्या लक्षात आलं. लक्षात आलं म्हणून काय केलं, तर आत्याबाई म्हणाल्या, मंगळवार देवीचा वार, देवीचं काहीतरी राहिलं असणार, मंगळवारचाही उपास धरा. धरला. मग बुधवार वाईट जायला लागला. मला आता हे लिहिताना हसू येतं आणि त्याच वेळी कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी वाटते.

महाशिवरात्रीला सुट्टी होती, मी घरी होते. आत्याबाई आदल्या दिवसापासून मुक्कामाला. स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजल्याचा वास, परातीत लाडू. लेकरू आता दीड वर्षाचं, दुडूदुडू चालत आत्याबाईंकडं गेलं आणि हात पुढं केला. त्यांनी कौतुकानं अख्खा लाडू त्याच्या मुठीत दिला. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते, दारातून दिसत होतं. थोड्या वेळानं ते माझ्यापाशी आलं, लाडू संपलेला, आणि दोन्ही हातांनी ओठ चोळत होतं. मी हात बाजूला केले. वरचा ओठ सुजून नाकाला लागला होता. बघता बघता डोळे सुजले, पोटावर, पाठीवर गांध्या उठल्या, भडाभडा ओकलं, आणि रडायला लागलं तर रडण्याचा आवाज घोगरा. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती.

आत्याबाई म्हणाल्या, "नजर लागली माय," आणि मीठ-मोहऱ्या शोधायला गेल्या. ह्यांना गाडीची किल्ली सापडेना. मी लेकराला घेऊन तशीच अनवाणी रस्त्यावर आले, समोरून येणारा ऑटो अडवला. मागून हे आणि सासूबाई धावत येऊन बसले. वाटभर मी फक्त ती शिट्टी ऐकत होते. ती थांबली तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

लेकरांच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याला टेबलावर घेतलं, एका हातानं छाती तपासत दुसऱ्या हातानं इंजेक्शन भरायला सांगितलं आणि विचारलं, "काय खाल्लं यानं?"

हे म्हणाले, "काही नाही डॉक्टर. आज उपास आहे."

सासूबाई म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काई न्हाई लेकराच्या."

डॉक्टर मान वर करून म्हणाला, "दीड वर्षाच्या पोराचा उपास?"

त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून सगळे सोमवार गेले, आणि त्यांच्या मागून सगळे मंगळवार. मी म्हणाले, "शेंगदाण्याचा लाडू खाल्लाय. अख्खा. आणि सकाळी शेंगदाण्याची आमटी." डॉक्टरनं पुढं काही न विचारता लेकराच्या मांडीत इंजेक्शन दिलं. आणि माझा नवरा, ज्याला तिथं उभं राहून रडता आलं असतं, देवाचं नाव घेता आलं असतं, गप्प तरी बसता आलं असतं, तो म्हणाला, "पण डॉक्टर, उपासाला चालतात ते."

डॉक्टरनं त्याच्याकडं असं बघितलं की माझं निम्मं समाधान तिथंच झालं. उरलेलं निम्मं लेकराची शिट्टी हळूहळू कमी होऊन तो साधं, मोठं, कंटाळलेलं रडायला लागला तेव्हा झालं. मी पण रडले. सासूबाई बाकावर बसून होत्या. मग उठल्या, नळावर गेल्या आणि कितीतरी वेळ हात धूत राहिल्या.

दिवसभर तिथं ठेवून घेऊन डॉक्टरनं घरी सोडताना बजावलं. शेंगदाणा कुठल्याही रूपात नको. कूट नको, तेल नको, ज्या हातानं शेंगदाणा खाल्लाय तो हात न धुता लेकराच्या तोंडाला नको. परत झालं तर ह्याहून जोरात होऊ शकतं. नांदेडला रक्त तपासलं तेव्हा तेच निघालं. दूध, गहू, केळं, तूर डाळ बिचारी निर्दोष सुटली. क्रीम परत सुरू झाली, आणि ह्या वेळी ती पुसायची कुणाची छाती झाली नाही. कातडी निवळली. एकदम नाही, थंडीत अजूनही गुडघ्यांमागं उठतं, पण गाल आता गालासारखे दिसतात.

तरी माझा घोर काही मिटला नाही. मी रजेवर होते आणि रजा संपत आली होती. नोकरी सोडायची नाही हे माझं पक्कं होतं, आणि लेकरू दिवसभर कुणाच्या भरवशावर ठेवायचं हेच कळेना. घरात आम्ही शेंगदाणा आणणं बंद केलं. सासूबाईंनी सोमवार बटाट्यावर आणि केळ्यावर काढायला सुरुवात केली, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. पण गल्ली थोडीच ऐकते. सोमवार उजाडला की ताटल्या सुरू. मी दारातूनच परत पाठवायची. तोंडावर सांगायची, माझं लेकरू मरता मरता वाचलंय. बाया हो हो म्हणायच्या आणि वळल्या की नाक मुरडायच्या. शेंगदाण्यानं कुठं माणूस मरतं का. शिकलेल्या बायांची फ्याडं. आणि मी आत वळले की एखाद्या पोरीच्या हाती ताटली खिडकीतून आत, "आजीला दे, उपाशी असतील."

एका सोमवारी मी पाणी भरून आत आले तर लेकरू कोपऱ्यात बसलं होतं. पुढ्यात कुणाच्या तरी घरची ताटली, झाकण बाजूला, आणि साबुदाण्याच्या खिचडीत त्याची पाची बोटं. तोंडापर्यंत गेली नव्हती. मी हात धरला, धुतला, आणि ताटली उचलून दाराबाहेर ठेवली. सासूबाई देवघरातून आल्या. मी त्यांना म्हणाले, "आई, एक तर तुमचा उपास तरी, न्हाई तर हे लेकरू तरी. दोन्ही ह्या घरात बसत न्हाईत." लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. त्या वळून परत देवघरात गेल्या. मला वाटलं, बरोबर आहे, देवापुढं लेकराची काय किंमत. त्या दिवशी मला त्यांची जेवढी चीड आली तेवढी आत्याबाईंचीही कधी आली नाही.

पुढचा सोमवार माझ्या रजेचा शेवटचा दिवस. नेमक्या आत्याबाई आल्या. लेकरू बघायला म्हणून शेजारच्या बायाही येऊन बसल्या, त्यातल्या एकीच्या हातात झाकलेली ताटली. आत्याबाईंनी लेकराच्या गालावरून हात फिरवला आणि माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "देवानं वाचवलं गं. आता तू ह्याच्या नावानं सोळा सोमवार धर. शेवटच्या सोमवारी गल्लीभर लाडू वाटू. ह्याच्याच हातानं."

मी विचारलं, "कशाचे लाडू?"

"उपासाचे. दुसरे कशाचे?"

माझ्या तोंडात जे आलं होतं ते बाहेर पडलं असतं तर आत्याबाईंनी आमच्या घरात परत पाय ठेवला नसता, आणि त्यात माझं काही बिघडलं नसतं. पण तेवढ्यात सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. ताट घेऊन आल्या. ताटात सकाळची ज्वारीची भाकर, वाटीत दूध, दुसऱ्या हातात डबा. सगळ्यांच्या मधोमध मांडी घालून बसल्या आणि भाकर कुस्करायला लागल्या.

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, आज सोमवार हाय."

"ठाव हाय मला."

"मंग?"

"मला शुगर निघाली. डॉक्टरनं उपास बंद केले. कायमचे." मग बायांकडं बघून, "माझ्यासाठी आता काई धाडत जाऊ नका गं. मला चालत न्हाई."

बाया हळहळल्या. एवढ्या वर्षांचा नेम, एकाएकी असं कसं झालं, आपल्या हातात काय आहे. जिच्या हातात ताटली होती तिनं ती पदराखाली घेतली. आत्याबाई म्हणाल्या, "इलाज न्हाई बाई, शुगरपुढं कुनाचं चालतं." लेकराच्या सुजलेल्या घशासाठी ज्यांचा नेम तसूभर हलला नाही, त्यांना शुगर लगेच पटली.

सासूबाईंनी पहिला घास उचलला. तोंडापर्यंत नेला आणि तिथंच धरला. लग्न करून आल्यापासून सोमवारी धान्याचा कण खाल्लेला नाही त्या बाईनं. मग डोळे मिटून खाल्ला. मोठा होता, गिळायला वेळ लागला. त्यानंतर त्यांनी डब्यातून गुळाचा चांगला बोटभर खडा काढला आणि दुधात कुस्करला, ते दूध भाकरीवर ओतलं, आणि म्हणाल्या, "ये रे बाळा, तू बी जेव."

शुगर निघालेली बाई भाकरीवर गूळ-दूध ओतून राहिली होती आणि तिथं बसलेल्या एकाही शहाणीला ते दिसलं नाही. मला दिसलं. मी सासूबाईंकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. लेकरू त्यांच्या मांडीला टेकून तोंड उघडून बसलं. मी तरीही उठले, जवळ गेले आणि ताटात वाकून बघितलं. भाकर, दूध, गूळ.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले.